पेनल्टी आणि पेनकिलर

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच लागली, की 'पेनल्टी' म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. चूक केली, शिक्षा मिळाली. पण मॅचनंतर सुजलेल्या घोट्यासाठी मेडिकलमधून आपण 'पेनकिलर' आणतो, त्यातला 'पेन'ही याच घराण्यातला.

मूळ शब्द ग्रीक, 'पोइने'. होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीसच्या ढालीवर एक चित्र कोरलेलं आहे. भर चौकात दोन माणसं भांडताहेत, एका खुनाच्या भरपाईवरून. ती भरपाई म्हणजे पोइने. लॅटिनमध्ये त्याचं 'पोएना' झालं, अर्थ दंड किंवा शिक्षा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचमधून हा शब्द पुढे इंग्रजीत आला. आधी तिथंही त्याचा अर्थ शिक्षाच होता. अंगातलं दुखणं त्याला मागाहून चिकटलं. आपल्याकडच्या १८६० च्या 'इंडियन पीनल कोड'मधला 'पीनल'सुद्धा त्यातलाच.

आपण तरी वेगळे कुठं? संस्कृतात 'यातना' म्हणजे परतफेड, आणि नरकातली शिक्षाही. यमयातना म्हणतो ती हीच. आणि 'भोग' तर रोजच्या बोलण्यातला. माझ्या आज्जीचे गुडघे दुखायचे. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "कुठल्या जल्माचं भोग हाईत कुणास ठावं. भोगून संपवायचं." दोन वर्षं तिनं एक्स-रे काढू दिला नाही. दुखणं शिक्षा वाटायला लागलं, की माणूस तक्रार करत नाही. औषध मागणं ही त्याला पळवाट वाटते.

मराठीत आणखी एक शब्द आहे, 'वेदना'. त्याचा धातू विद्, म्हणजे जाणणं. 'वेद' आणि 'विद्या' त्याच धातूचे. पाली बौद्ध ग्रंथांत वेदना तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत: सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली. म्हणजे शरीराला काहीतरी जाणवलं, एवढंच. यात दंडाचा हिशेब नाही. सर्व्हरचा अलर्ट वाजला तर मी सर्व्हरनं कुठलं पाप केलं हे शोधत नाही, बिघाड शोधतो.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. २०२० मध्ये तिनं वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपांमध्ये बजावलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. आमच्या घरात अडचण उलटी होती. मान राखायला आम्ही तयार होतो, पण सांगणारीच गप्प होती.

आज्जीला ग्रीक सांगून काय उपयोग? एवढंच म्हटलं, "आज्जी, ही शिक्षा न्हाई. गुडघा काय तरी सांगालाय, ते ऐकायला जाऊया."

एक्स-रेत झीज दिसली. गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. 'भोग' हा शब्द काही तिनं सोडला नाही. पण आता तो ती डॉक्टरांना सांगते, "आज भोग जरा कमी हाईत."