बाबासाहेबांचा कोट आणि पलटणीची घडी

१४ एप्रिल जवळ आला की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "बाबासाहेबांचा पुतळा सुटाबुटातच का? टिळक बघा, उपरणं-पगडी!" दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. म्हणून यंदा जरा सविस्तर लिहितोय, आणि सुरुवात कोटापासूनच करतो.

कोटाच्या छातीवर दोन्ही बाजूंना जी घडी असते ती लॅपल. ती फॅशनसाठी आलेली नाही. अठराव्या शतकात युरोपातले सैनिक गळ्यापर्यंत बटणं लावायचा कोट घालत. वरची बटणं काढून छातीवरचा भाग दोन्हीकडे उलटा दुमडला की आतलं रंगीत कापड दिसायचं. तो रंग पलटणीचा, त्यावरून शिपाई कुठल्या पलटणीचा ते कळायचं. कॉलरही तशीच, उभी गळपट्टी खाली दुमडलेली. पुढे साध्या नागरी कोटातही शिंप्यांनी ही घडी कायमची करून टाकली. आजही डाव्या लॅपलवर एक काज असतं. लोक त्यात गुलाब खोचतात. मुळात ते गळा बंद करायचं काज!

आता आपल्या कोकणात या. ज्यांना अस्पृश्य मानलं, त्यांनी गावात काय नेसावं, कसं नेसावं हेही गावच ठरवायचं. तोच माणूस पलटणीत गेला की सरकारी कोट घालायचा, बटणं लावायचा आणि त्याची पोरं शाळेत बसायची. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार झाले आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. दापोली म्हणजे तेव्हा पेन्शनर फौजींचं गाव. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त फौजी तिथूनच समाजजागृती करत होते. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्धच्या अर्जाचा मसुदा त्यांनी लिहिला. भरती बंद म्हणजे पगार बंद, शाळा बंद आणि तो कोटही बंद.

कपड्यांचं हे राजकारण बाबासाहेब पक्कं ओळखून होते. डिसेंबर १९२७ मध्ये, मंडणगडापासून फार लांब नसलेल्या महाडात, त्यांनी बायकांना सांगितलं की जात दाखवणारे दागिने टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. जे बायकांना सांगितलं, तेच ते स्वतः कोट घालून करत होते.

टिळकांची पगडी बघून त्यांना कुणी पाणवठ्यावर अडवलं नव्हतं. त्यांना ती बदलायची गरजच काय होती? इथल्या प्रत्येक पोशाखावर जात लिहिलेली असताना, जिच्यावर ती लिहिलेली नाही अशी एक वस्तू म्हणजे कोट. त्याला साहेबी नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की इथला कुठला पोशाख त्यांना मोकळेपणानं घालू दिला असता?

दापोली-मंडणगड-खेडकडच्या मित्रांनो, तुमच्या घरात पलटणीतल्या पणजोबांचा कोट, बिल्ला, निदान एखादा फोटो असेल तर जपून ठेवा. आणि त्याची गोष्ट खाली नक्की लिहा.