हेलिकॉप्टरची प्लॅस्टिक प्रतिकृती
पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या, साच्यात ओतलेल्या सुट्या भागांची जुळणी करून व रंगवून तयार केलेली, मूळ हेलिकॉप्टरशी ठरावीक प्रमाण राखणारी लहान आकृती. १:७२ या प्रचलित प्रमाणात, १९५९ मध्ये प्रथम उडालेल्या आणि भारतात ‘चेतक’ या नावाने बनलेल्या फ्रेंच आल्वेत-३ चा सुमारे ११ मीटर व्यासाचा पंखा जेमतेम १५ सेंटिमीटरचा होतो. या हेलिकॉप्टरचे नाक बहुतांशी काचेचे असल्याने आतील आसने व उपकरणफलक सांगाडा मिटवण्यापूर्वीच रंगवावे लागतात, आणि पारदर्शक भागांना साधा प्लॅस्टिक-गोंद वापरल्यास त्याच्या वाफेने काच धुरकटते, म्हणून तेथे वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद लावतात. सांध्यांतील फटी लांबीने बुजवून पॉलिश कागदाने घासतात; काचांवर चिकटपट्टी लावून अ‍ॅक्रिलिक किंवा एनॅमल रंगाचे पातळ थर फवारतात. चिन्हे पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रपट्ट्यांनी उमटवतात. त्याआधी चकचकीत वार्निश दिले नाही, तर पट्टीखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतात, ही बाब मात्र बरेच कारागीर विसरतात.