राउटरमधला १४९२ : डायल-अपच्या काळातला पाहुणा

कोलशेतच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये राउटरची सेटिंग उघडा. बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनवर अजूनही 'पीपीपीओई' दिसतं, आणि एमटीयूसमोर १४९२. हे कोलंबसचं साल नाही बरं का. पण गोष्ट जुनीच आहे.

१५ ऑगस्ट १९९५. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पहिल्या शहरांत मुंबई होती. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाउंट. त्यात तुमचा कॉम्प्युटर नेटवर यायचाच नाही. नेटवर असायचं व्हीएसएनएलचं मशीन, तुम्हाला दिसायची फक्त त्यावरची अक्षरं. चित्रांसकट वेब हवं तर टीसीपी/आयपी अकाउंट, आणि ते महाग. गंमत म्हणजे फोनची तार तीच, मोडेमही तोच!

मग फरक कुठे होता? तारेवरून नुसते बाइट एकामागोमाग येतात. पॅकेट कुठे सुरू झालं, कुठे संपलं, हे कळणार कसं? ते काम पीपीपीचं, म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉलचं. त्याचं १९९४ मधलं प्रमाण आजही चालतं.

पीपीपी प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही टोकांना ७ई ही खूण लावतो. डेटामध्येच ७ई आला तर? त्याच्या जागी ७डी ५ई पाठवतो, पलीकडचा ते परत ७ई करून घेतो. शेवटी तपासणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर फ्रेम सरळ फेकून देतात.

पण त्याआधी दोन्ही बाजूंची बोलणी होतात. फ्रेम किती मोठी चालेल, पासवर्ड कसा तपासायचा, हे ठरतं. मग ओळख पटते. मग तुम्हाला आयपी पत्ता मिळतो. शेल अकाउंटवाल्याला नेमका हाच मिळत नव्हता. पत्ता मिळाला की तुमचा कॉम्प्युटर स्वतः नेटवर!

पुढे ब्रॉडबँड आलं, डायल करणं संपलं. पण कंपन्यांना प्रत्येक ग्राहकाचं लॉगिन आणि हिशेब वेगळा ठेवायचा होता, आणि ती सोय पीपीपीत तयार होती. म्हणून १९९९ मध्ये पीपीपी इथरनेटच्या फ्रेममध्ये बसवला, तोच पीपीपीओई. इथरनेटमध्ये १५०० बाइट मावतात. पीपीपीओईचे ६ आणि पीपीपीचे २ वजा करा. उरले १४९२.

मोडेमचा आवाज आपल्यापैकी अनेकांनी ऐकलाही नसेल. पण असं कनेक्शन असेल, तर त्या काळाचे आठ बाइट आजही तुमच्या प्रत्येक पॅकेटसोबत जातात. भेटू पुढच्या भागात!