काळ्या काचेने सांगितलेला समुद्रप्रवास

मिलोस म्हटलं की व्हीनसचा तो बिनहातांचा पुतळा आठवतो. १८२० साली तो याच ग्रीक बेटावर सापडला. पण मला तिथली त्याहून भारी वाटणारी गोष्ट म्हणजे काळी काच, ऑब्सिडियन.

ही काच ज्वालामुखीने बनवलेली. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट आठवा. त्यात सिलिका साधारण ५० टक्के, त्यामुळे लाव्हा पातळ, दूरवर वाहणारा, आणि थंड होताना त्यात सहज स्फटिक धरतात. ऑब्सिडियनच्या लाव्हात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. तो इतका घट्ट की अणूंना हलताच येत नाही. रांगेत लागायच्या आत सगळं गोठतं. स्फटिक नाहीत, म्हणून काच. फोडली की ब्लेडसारखी धार!

आता खरा किस्सा. ग्रीसच्या मुख्य भूमीवर फ्रांख्थी नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत या काचेचे तुकडे मिळाले. आले कुठून?

१९६४ मध्ये कॅन आणि कॉलिन रेनफ्रू यांनी दाखवलं, की प्रत्येक ठिकाणच्या ऑब्सिडियनमध्ये बेरियम, झिर्कोनियम अशा मूलद्रव्यांचं अगदी थोडं, पण वेगवेगळं प्रमाण असतं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे फाइलच्या हॅशसारखं वाटतं. जुळलं, म्हणजे मूळ तेच. फ्रांख्थीचे तुकडे जुळले मिलोसशी.

मिलोस गुहेपासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. हिमयुगात समुद्र बराच खाली गेला होता, तरीही ते बेटच राहिलं होतं. म्हणजे शेती नाही, मडकी नाहीत, धातू नाही, अशा काळात माणसं पाण्यावरून गेली आणि काच घेऊन परत आली. त्यांची एकही होडी सापडलेली नाही.

हे वाचून मी जरा वरमलो. कारण ‘लॉगमध्ये नाही, म्हणजे घडलंच नाही’ असं म्हणत मी एकदा टीममधल्या एका ज्युनिअरची तक्रार बंद केली होती. पुढे ती खरी निघाली. तेव्हा मी फक्त होडी शोधत होतो. किनाऱ्यावर उतरलेला माल बघितलाच नव्हता.

आता तक्रार बंद करण्याआधी तो बघतो. भेटू पुढच्या भागात!