खोगीरभरतीच्या पलीकडे : मोटारसायकलच्या बैठकीचा इतिहास

#थ्रेड

नोव्हेंबर १८८५. जर्मनीतील श्टुटगार्टजवळचे कान्श्टाट. गोटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीवर पेट्रोलचे एक लहानसे इंजिन बसवले होते. शक्ती सुमारे अर्धा अश्वबल. चाके लाकडी, त्यांना लोखंडी धावा. तोल सांभाळायला बाजूला दोन छोटी आधारचाके. आणि इंजिनाच्या बरोबर वर घोड्याच्या खोगिरासारखी कातडी बैठक. या यंत्राचे नावच ‘राइटवागेन’, म्हणजे स्वारीची गाडी.

डाइमलरचा मुलगा पाउल तीवर बसून उंटरट्युर्कहाइमच्या दिशेने निघाला आणि वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. त्यात नवल नव्हते. इंजिनातील मिश्रण पेटवण्यासाठी तापवून लाल केलेली नळी बैठकीच्या खालीच होती.

मोटारसायकलच्या बैठकीविषयीची पहिली तक्रार ही अशी होती. दुसरी एवढी नाट्यमय नाही, पण ती अजून मिटलेली नाही : फार वेळ बसवत नाही. पन्नास किलोमीटरनंतर चुळबुळ, शंभरनंतर कळ, आणि त्यापुढे स्वाराचे लक्ष रस्त्यावरून निघून स्वतःच्या हाडांवर जाते. हा धागा त्या कळेचा, आणि तिच्यावर चुकीच्या जागी शोधल्या गेलेल्या उपायांचा आहे.

कळ आली की माणूस पहिला उपाय करतो तो मऊपणाचा. आणखी एक गादी, आणखी थोडा कापूस. मराठीत या उपायाला शब्दही तयार आहे. फारसीतून आलेले ‘खोगीर’ म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची भरीव गादी. तिच्यात चिंध्या, गवत, हाताला लागेल ते कोंबत. त्यावरूनच ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरताडासाठी रूढ झाला. ज्या समाजाची हयात घोड्यावर गेली, त्याच्या भाषेत गादीतल्या भरावाविषयी एवढी अनास्था असावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण घोडेस्वाराला एक गोष्ट नीट ठाऊक होती. ओझे कुठे पडते, हे गादीच्या जाडीहून महत्त्वाचे. भार कण्यावर पडला तर घोड्याची पाठ लागते आणि पाठ लागलेला घोडा लष्कराच्या कामाचा राहत नाही. म्हणून चांगले जीन भार कण्याच्या दोन्ही अंगांना वाटून देते आणि मधला पन्हाळ मोकळा ठेवते. अमेरिकी लष्कराने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन जिनाला तर मधोमध उभी फटच होती. बसणाऱ्याला ते कठीणच वाटे, पण घोड्याला मानवे.

घोड्याच्या पाठीसाठी शतकानुशतके वापरलेले हे शहाणपण स्वाराच्या बुडाला लागू करण्याचे मात्र कोणाला लवकर सुचले नाही. घोडा लंगडला की मोहीम अडते. स्वार कण्हला तर त्याला नाजूक म्हणतात.

हे शहाणपण माणसापर्यंत पोहोचले ते सायकलीच्या वाटेने. जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला. पुढे त्याचा घोडा मेला, तो सायकलवर बसू लागला, तिच्या बैठकीने हैराण झाला आणि स्वतःच एक बैठक बनवायला बसला, अशी त्या कंपनीची परंपरागत कथा आहे. १८८२ मध्ये त्याने आपल्या बैठकीचे पेटंट घेतले.

ब्रुक्सच्या बैठकीत गादी नसते. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढच्या नाकापासून मागच्या कडीपर्यंत झोळीसारखा ताणलेला असतो. नवी असताना ती दगडासारखी लागते. पण महिनोन्‌महिने वापरली की बसणाऱ्याच्या दोन हाडांखाली चामडे किंचित खचते आणि ती त्याच एका माणसाची बैठक होऊन जाते. (उसनी सायकल चालवणाऱ्याचे हाल का होतात, याचे हेही एक कारण.)

१८९० च्या दशकात सायकलीचे वेड शिगेला पोहोचले आणि डॉक्टरमंडळी वादात उतरली. आपण बसतो ते कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्यांच्यामधला भाग मऊ असून नसा व रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, आणि अरुंद बैठकीचे नाक नेमके तिथे रुतते. अमेरिकेतील स्पॉल्डिंग कंपनीने विकलेल्या ‘ख्रिस्टी’ बैठकीत म्हणून दोन हाडांसाठी दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मधली जागा मोकळी. कण मोकळा ठेवणाऱ्या जिनाचाच हा न्याय, फक्त या वेळी वरच्या प्राण्यासाठी.

आता या बैठकीखाली इंजिन आले.

सायकलचा स्वार खड्डा दिसताच पायडलवर उभा राहतो आणि गुडघ्यांनी हिसका झेलतो. मोटारसायकलवर वेग तिप्पट-चौपट, आणि स्वार तासन्‌तास बसूनच. सुरुवातीच्या गाड्यांत मागचे चाक चौकटीला घट्ट बांधलेले असे. रस्त्यातला प्रत्येक दगड टायरमधून चौकटीत आणि चौकटीतून थेट पाठीच्या कण्यात जाई. स्वार कमरेला रुंद चामडी पट्टे आवळून बसत, ते हौसेने नव्हे.

उपाय दोन होते. बैठक स्प्रिंगवर ठेवायची, किंवा चाक. हार्ले-डेव्हिडसनने १९१२ मध्ये पहिला मार्ग घेतला आणि बैठकीचा दांडा चौकटीच्या उभ्या नळीत बसवलेल्या स्प्रिंगवर तोलला. इंडियन कंपनीने १९१३ मध्ये दुसरा घेतला. तिने मागचे चाकच पाटा-स्प्रिंगांवर टांगले. इंजिनियरांच्या दृष्टीने दुसरा मार्ग उघडच श्रेष्ठ होता. बैठकीखालची स्प्रिंग फक्त माणसाला वाचवते, चाकाजवळची माणूस, यंत्र आणि टायरची पकड या तिघांना सांभाळते. तरीही पुढची वीस-पंचवीस वर्षे जग पहिल्याच मार्गाने गेले.

याचे एक कारण तांत्रिक होते. त्या काळच्या हलत्या चौकटींचे सांधे लवकर झिजत, मागचे चाक आडवे डुलू लागे आणि वळणावर गाडी भरवशाची राहत नसे. दुसरे कारण मनोवृत्तीचे. ताठ चौकट म्हणजे खरी, मर्दानी गाडी. स्प्रिंगची चौकट म्हणजे आरामखुर्ची. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने १९२८ मध्ये मागच्या चाकासाठी उत्तम स्प्रिंगरचना केली, पण गिऱ्हाइकांचा हा पूर्वग्रह त्याच्याही वाट्याला आला. त्याच वर्षी इटलीतील मोटो गुझी कंपनीच्या जुझेप्पे गुझीने मागे स्प्रिंग असलेली गाडी थेट नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत नेली. आराम हा दोष नाही, हे सिद्ध करायला माणसाला आर्क्टिक वर्तुळ ओलांडावे लागले! तेवढ्यानेही बहुतेकांचे मत बदलले नाही.

ते बदलले १९३५ मध्ये, आयल ऑफ मॅन बेटावर.

तिथली सीनियर टीटी म्हणजे त्या काळातील सर्वात प्रतिष्ठेची शर्यत. सुमारे ६१ किलोमीटरच्या डोंगरी रस्त्याच्या सात फेऱ्या. एकीकडे जिमी गथ्री आणि नॉर्टन. चौकट ताठ, परंपरा ताठ आणि अनेक वर्षांचा दबदबा. दुसरीकडे आयर्लंडचा स्टॅन्ली वुड्स आणि मागे स्प्रिंग असलेली मोटो गुझी. शर्यत घड्याळाशी असल्याने स्पर्धक ठरावीक अंतराने सोडले जात. गथ्री बराच आधी निघालेला, वुड्स मागून.

शेवटची फेरी सुरू होताना वुड्स काही सेकंदांनी मागे होता. गुझीची माणसे त्याच्यासाठी इंधन भरण्याची तयारी करून उभी दिसत होती. तो थांबणार, हे नॉर्टनच्या गोटाने गृहीत धरले. तो थांबला नाही. गथ्रीने शर्यत पुरी केली, त्याचे अभिनंदनही होऊ लागले, आणि मग वुड्स आला. वेळ मोजली तर तो ४ सेकंदांनी पुढे होता.

सव्वाचारशे किलोमीटरच्या शर्यतीत ४ सेकंद म्हणजे काहीच नाही, असे म्हणता येईल. श्रेय वुड्सच्या हुशारीचे, हेही खरे. पण स्प्रिंगची चौकट वेगात मागे पडते, हे त्या दिवसानंतर कोणाला म्हणता आले नाही. आदळणारे चाक हवेत असते आणि हवेतले चाक गाडी पुढे ढकलत नाही. स्वाराचा आराम आणि गाडीचा वेग एकाच ठिकाणाहून येतात, ही गोष्ट डॉक्टरांच्या सांगण्याने कोणी मानली नव्हती. ती मानली गेली घड्याळामुळे.

रस्त्यावरच्या सामान्य स्वाराला मात्र अजून थांबायचे होते. त्याच्या नशिबी होती स्प्रिंगची एकेरी बैठक, आणि तिचे एक मोठे माहेरघर म्हणजे इंग्लंडमधील रेडिच हे गाव. सुया आणि स्प्रिंगा हा तिथला पिढीजात धंदा. तिथल्या हर्बर्ट टेरी कंपनीच्या बैठका नावाजलेल्या होत्या. स्प्रिंगांनी तोललेला तो प्रसिद्ध ‘अँगलपॉइज’ टेबलदिवा बनवणारी कंपनीही हीच. त्याच रेडिचमध्ये रॉयल एनफिल्डचा कारखाना होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर एनफिल्डने नव्या बुलेटला मागे झुलता दांडा आणि शॉकॲब्सॉर्बर दिले. १९४८ मध्ये इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत ब्रिटनच्या विजयी संघात या बुलेट होत्या. दोनच वर्षांनी बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंनी नॉर्टनसाठी नवी चौकट केली. तिच्यावरून फेरी मारून आलेला हॅरोल्ड डॅनियल म्हणाला की परांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, आणि चौकटीचे नावच ‘फेदरबेड’ पडले. गंमत अशी की ही परांची गादी बैठकीत कुठेच नव्हती. ती होती चाकाजवळ.

चाकाने हिसके झेलायला सुरुवात केल्यावर बैठकीखालच्या स्प्रिंगांचे काम संपले. त्यांची जागा फोमने घेतली. डनलॉप कंपनीत १९२९ च्या सुमारास रबराचा चीक घुसळून, त्यात हवा धरून, साच्यात शिजवण्याची पद्धत निघाली होती. त्या ‘डनलॉपिलो’ची सलग, दोघांची लांब सीट युद्धोत्तर गाड्यांवर आली. मागे बसणाऱ्याची मडगार्डवरच्या चौकोनी ठोकळ्यातून सुटका झाली, हा या काळाचा मोठाच उपकार.

बुलेट भारतात आली ती याच संधिकाळात. १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तिच्या उत्पादनासाठी एनफिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. आणि २००९ मध्ये त्याच घराण्यातील ‘क्लासिक’ बाजारात आली तेव्हा तिच्यावर चालकासाठी स्प्रिंगांची एकेरी बैठक होती! मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असताना या स्प्रिंगांना फारसे काम नव्हते. एकेकाळी नाइलाज असलेली वस्तू आता आठवण म्हणून विकली जात होती.

फोमने जुनी चूक मात्र परत आणली. मऊ तेच सुखाचे, ही समजूत. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेली मऊ सीट पहिली दहा मिनिटे छान लागते. मग फोम दबतो, हाडे तळाच्या पत्र्याला टेकतात आणि सगळा भार पुन्हा त्याच दोन बिंदूंवर येतो. गावोगावचे जाणते सीटवाले म्हणूनच रेक्झिन उसवून आधी खाली घट्ट फोम बसवतात, वर मऊ फोमचा पातळ थर देतात, मागची बाजू रुंद करतात आणि पुढचा उतार कमी करतात, म्हणजे ब्रेक लागल्यावर माणूस टाकीवर घसरत नाही. वरून आणखी एक उशी बांधणे ही खोगीरभरती. सीटला हात लावण्यापूर्वी मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ताण आपल्या वजनाप्रमाणे करून घेणे, हा बिनखर्चाचा उपाय तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. १९३५ चा धडा तोच होता.

या कळेची खरी परीक्षा पाहणारेही निघाले. अमेरिकेतील ‘आयर्न बट’ संघटना, सरळ मराठीत लोखंडी बूड, २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते. त्या स्वारीचे नाव ‘सॅडलसोअर’, म्हणजे खोगिराने पडलेला व्रण.

अशा लांबच्या स्वारांत लोकप्रिय झालेली एक वस्तू शर्यतीच्या मैदानातून आलेली नाही. रॉबर्ट ग्रेब या अमेरिकी अभियंत्याने १९७० च्या दशकात चाकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या रुग्णांसाठी एक उशी केली. एकमेकांना जोडलेल्या रबरी पेशी, आत फक्त हवा. एका पेशीवर भार वाढला की हवा शेजारच्या पेशींत सरकते आणि दाब वाटला जातो. ज्या रुग्णाला कळच जाणवत नाही, त्याला चुळबुळ करून स्वतःचा बचाव करता येत नाही. एका जागी दाब राहिला की रक्त थांबते, कातडी मरते आणि त्या व्रणाने जीवही जाऊ शकतो. तिथे बैठक हा चैनीचा प्रश्न नव्हता.

त्याच ‘रोहो’ कंपनीने पुढे मोटारसायकलसाठी ‘एअरहॉक’ उशी काढली. नवा गिऱ्हाईक ती हमखास टम्म फुगवतो आणि निसरड्या फुग्यावर बसल्यासारखा डोलत राहतो. योग्य रीत उलटी आहे. आधी फुगवायची, वर बसायचे, आणि मग झडप उघडून हवा सोडत जायची. हाडे सीटला टेकण्याच्या जेमतेम बोटभर आधी झडप बंद करायची.