छप्पन्नचं कूळ

मराठीत ‘छप्पन्न’ हा आकडा मोजण्यापेक्षा मिजाशीसाठीच जास्त खर्ची पडतो. ‘तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत’ म्हणणाऱ्यानं ते एकेक करून मोजलेले नसतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर मात्र वर्तमानपत्रांतून एक नवंच छप्पन्न घरोघरी आलं: एके-५६. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला उतरवलेली शस्त्रं, तसलंच एक घरी ठेवल्याबद्दल संजय दत्तवर चाललेला खटला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेली पाच वर्षांची शिक्षा. वीस वर्षं हा शब्द छापून येत राहिला. सत्तेचाळीसपेक्षा छप्पन्न मोठे, तेव्हा ही सत्तेचाळीसची सुधारलेली आवृत्ती, असा हिशेब पुष्कळांनी मनाशी करून टाकला. मीही केला होता.

हिशेब चुकीचा आहे. सत्तेचाळीस आणि छप्पन्न ही दोन्ही सालं आहेत. पहिलं रशियन बंदुकीचं, दुसरं चिनी. १९५६ मध्ये चीननं सोव्हिएत नमुन्यांवरून स्वतःची शस्त्रं पक्की केली आणि त्यांना सालाचाच आकडा दिला. त्यामुळे छप्पन्न नावाची बंदूक एक नाही. कलाश्निकोवची चिनी नक्कल छप्पन्न, सिमोनोवच्या कार्बाइनची नक्कल छप्पन्न, हलकी मशीनगनही छप्पन्नच. तिन्हींत काडतूस मात्र एकच, ७.६२ मिलिमीटर व्यासाचं आणि ३९ मिलिमीटर लांब पुंगळीचं. ‘एके-५६’ हे जोडनाव चिनी कारखान्यानं दिलेलं नाही. ‘एके’ रशियन, ‘५६’ चिनी, आणि आपल्याकडे त्यांचं लग्न लागलं ते पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या तोंडी.

या घराण्याचे शौकीन अमेरिकेत बरेच आहेत. चिनी लष्करानं मोडीत काढलेल्या छप्पन्न कार्बाइन तिकडे ढिगांनी गेल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. १९९४ मध्ये चिनी बंदुकांची आयात बंद झाली, तेव्हा कालची स्वस्त वस्तू संग्राहकांच्या नजरेत भरू लागली. त्यांची नजर जवाहिऱ्यासारखी चालते. त्रिकोणात २६ असा ठसा असला की ती चोंगचिंगच्या जियानशे कारखान्याची. नंबरातले सुरुवातीचे आकडे घेऊन साधी बेरीज केली की बनावटीचं साल साधारण कळतं. नळी आट्यांनी बसवलीय की दाबून पिन मारलीय? संगीन पात्याची, म्हणजे आधीची, की साठच्या दशकाच्या मध्यावर आलेली सुयासारखी? दस्ता लाकडी की प्लॅस्टिकचा? एकाच बंदुकीचे एवढे पाठभेद! पोथ्यांचे पाठभेद जुळवणाऱ्याला हा नाद परका वाटणार नाही.

जळगाव-धुळ्यात हा छंद करू म्हटलं तर सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं लष्करी जातीची स्वयंचलित हत्यारं सामान्य माणसाला बंद आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरही दोनच बंदुका ठेवता येतात. शेताच्या राखणीला बारा बोअर किंवा ठासणीची, फार तर इशापूरच्या कारखान्याची तीनशे पंधरा रायफल. ही तीनशे पंधरा मुळात इंग्रजी धोरणाची संतती. फौजेच्या थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं रयतेच्या रायफलीत चालू नयेत, म्हणून मापच वेगळं ठेवलेलं. राहिला सातपुड्यापलीकडून चोरवाटेनं येणारा गावठी कट्टा. त्याच्यावर ना ठसा, ना साल. त्याचं कूळ फक्त पंचनाम्यात सापडतं.

तरी छप्पन्नचा खान्देशाशी संबंध आहे, आणि तो चांगला जाडजूड आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौज उतरली, तेव्हा आपल्या जवानाच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. भक्कम आणि अचूक, पण दर गोळीमागे बोल्ट ओढायचा. समोरच्या छप्पन्नला ती गरज नव्हती, चाप दाबत राहिलं की झालं. पराभवाची कारणं अर्थातच एका रायफलीपुरती नव्हती. गरम कपड्यांपासून रस्त्यांपर्यंत आणि दिल्लीतल्या निर्णयांपर्यंत ती पसरलेली होती. पण रायफल हातात धरता येते, म्हणून दोष पटकन तिच्याकडे गेला. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं आपण तेव्हापासून म्हणत आलो. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाट्याला काय आलं, याची म्हण मात्र कोणी केली नाही.

त्याच्या वाट्याला आला कारखाना. सैन्यानं ७.६२ मापाची एसएलआर स्वीकारली होती. ती पुरेशी हाती येईतो इशापूरनं जुन्या थ्री-नॉट-थ्रीचाच सांगाडा घेऊन त्याच मापाची रायफल काढली. १९६३ ची २ए आणि १९६५ ची २ए१. पहिलीची नेम धरायची पट्टी २,००० मीटरपर्यंतची, दुसरीची कोणी तरी शहाणपणानं ८०० वर आणलेली. (हा फरकही आज अमेरिकेतले संग्राहक डोळे बारीक करून शोधतात.) आता या सगळ्यांना काडतुसं लागणार. खडकीचा कारखाना जुना, एकट्याच्या जिवावर किती ओढणार? युद्धानंतर जे नवे कारखाने उभे राहिले, त्यांतला एक १९६४ मध्ये भुसावळ तालुक्यात वरणगावला आला. भुसावळचा कारखाना १९४९ पासून होताच, पण वरणगावचं काम लहान शस्त्रांच्या काडतुसांचं. नवं माप नाटो देशांचं, पुंगळी ५१ मिलिमीटरची. चिनी काडतुसाशी व्यास सारखा आणि लांबी वेगळी, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

प्रत्येक काडतुसाच्या बुडावर ठसा असतो. खडकीच्या काडतुसावर ‘के एफ’, वरणगावच्यावर ‘ओ एफ व्ही’, शेजारी सालाचे दोन आकडे. मोडीत निघालेला भारतीय दारूगोळा परदेशी बाजारात गेला, तशी ही तीन अक्षरंही गेली. म्हणजे त्रिकोणातला २६ जिथं ठेवलेला असतो, तिथं शेजारच्या कप्प्यात आपलं वरणगावही असू शकतं.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आला. त्याच्या मुळाशी कागद आहे, कारण पूर्वी दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधत. आपल्या कानानं त्यात ‘काडी’ ऐकली आणि शब्द घरचा करून टाकला. ‘पिस्तूल’ही पोर्तुगीजच. ‘बंदूक’ अरबीतून आलेली, तिथं ‘बुंदुक’ म्हणजे आधी एक गोल कवचाचं फळ, मग गोळी, मग ती उडवणारं हत्यार. जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘एके-५६’ हे जोडनाव त्यांच्या हाती लागतं तर त्यांनी त्याची व्युत्पत्ती लावून एखाद्या विद्वानाला चार टोले हाणले असते.

२०२१ मध्ये आयुध कारखान्यांची वाटणी झाली, त्यात वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. त्याआधी २०१९ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ या नव्या रायफलीच्या कारखान्याचं उद्‌घाटन झालं होतं. ही रायफल रशियन घराण्यातली, आपल्याच सैन्यासाठी. तिच्यात जाणारी पुंगळी ३९ मिलिमीटरची आहे. बासष्टच्या छप्पन्नमध्ये जात होती तीच.