फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी मदत कुठून मिळते? सातारा-सांगलीच्या रुग्णांसाठी सविस्तर माहिती

सातारा/सांगली : "आता फुफ्फुस बदलण्याशिवाय इलाज नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला विषय निघतो तो जमिनीचा. किती गुंठे काढायचे, कोण घेईल, किती दर येईल. खरं तर आधी विषय निघायला हवा कागदांचा. कारण प्रत्यारोपणासाठी मिळणारी बहुतेक मदत ऑपरेशनच्या आधी मंजूर व्हावी लागते आणि ती रुग्णाच्या हातात नव्हे, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. शेत विकून बिल भरलं आणि मग पावत्यांची पिशवी घेऊन मदत मागायला गेलं, तर बहुतेक ठिकाणी हात हलवत परत यावं लागतं.

ही वेळ कोणावर येते?

फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाणारा आजार, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत आयएलडी किंवा फायब्रोसिस, हे प्रत्यारोपणाचं एक मोठं कारण. दुसरं सीओपीडी. विडी-सिगारेटने तो होतोच, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आणि कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही होतो. खडी क्रशर आणि दगडखाणीतल्या धुळीने सिलिकोसिस होतो. खानापूर, आटपाडी, माण, खटाव भागातली हजारो माणसं सोने-चांदीच्या गलाई धंद्यात देशभर पांगली आहेत. भट्टीचा धूर आणि आम्लाची वाफ छातीत जाते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण तपासणीला जायची वेळ दम लागल्यावरच येते.

प्रत्येक दमेकऱ्याला फुफ्फुस बदलायची गरज नसते आणि प्रत्येकाचं ते होऊही शकत नाही. अंगात टीबी चालू असेल, विडी-तंबाखू सुटलेली नसेल, किडनी-लिव्हर थकलेलं असेल तर डॉक्टर नाही म्हणतात. ऑपरेशन झालं म्हणजे जन्माची काळजी मिटली असंही नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्मे रुग्ण साधारण सहा वर्षांहून जास्त जगतात. किडनीच्या मानाने हे कमी आहे. पैसे गोळा करायला निघण्याआधी घरच्यांनी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावं, लाजू नये.

नोंदणी पहिली, पैसे नंतर

फुफ्फुस मिळतं ते मेंदू मृत झालेल्या दात्याकडून, त्याच्या नातेवाइकांनी संमती दिली तरच. विकत घेता येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. "दोन महिन्यांत फुफ्फुस मिळवून देतो, ॲडव्हान्स द्या" म्हणणारा एजंट भेटला तर तो फसवतोय, हे पक्कं धरून चालावं.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या हद्दीत येतात. रुग्णाने तिथे जाऊन नाव लिहायचं नसतं. ज्या रुग्णालयात ऑपरेशन होणार, तेच तपासण्या करून नाव प्रतीक्षा यादीत घालतं. आपल्या दोन जिल्ह्यांत किडनीचं प्रत्यारोपण होतं, कराडच्या कृष्णा रुग्णालयात ते केलं जातं. फुफ्फुसासाठी मात्र पुणे-पिंपरी, मुंबई किंवा चेन्नई-हैदराबाद गाठावं लागतं. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयात अशी ऑपरेशन झाली आहेत.

या नोंदणीची पावती जपून ठेवावी, तिच्या दोन-चार झेरॉक्स काढाव्यात. पुढच्या मदतीच्या अर्जांना तीच लागते.

खर्चाचा हिशेब

खासगी रुग्णालयात ऑपरेशनचं इस्टिमेट साधारण २५ लाखांच्या पुढे जातं. हा आकडा पाहूनच बरेच जण घरी परततात. पण इस्टिमेट हातात आलं की चार गोष्टी विचारून घ्याव्यात. ऑपरेशनआधीच्या तपासण्या यात आहेत का? दुसऱ्या शहरातून फुफ्फुस आणायचा खर्च धरलाय का? आयसीयूचे किती दिवस धरलेत? आणि घरी सोडल्यावर औषधांना महिन्याला किती लागतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इस्टिमेटच्या कागदावर बहुधा नसतं. वर्षानुवर्षं घर पिळून काढणारा खर्च मात्र तोच असतो.

सरकारी मदत

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, कार्ड पिवळं असो, केशरी असो वा पांढरं. प्रत्यारोपणाला ५ लाख पुरत नाहीत, म्हणून २०२५ मध्ये राज्य सरकारने मोठ्या खर्चाच्या नऊ उपचारांसाठी वेगळा राखीव निधी ठेवायचा निर्णय घेतला. त्यात फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी २० लाखांपर्यंतची तरतूद आहे. अट अशी, की रुग्णालय त्या उपचारासाठी योजनेत असलं पाहिजे. नुसतं "आमच्याकडे फुले योजना आहे" एवढ्यावर थांबू नये. "फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी आहे का?" असं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारावं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीत वीस आजार आहेत, त्यात फुफ्फुस प्रत्यारोपण नावानिशी आहे. इथे २ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावं लागतं आणि रुग्णालय निधीकडे नोंदलेलं असावं लागतं. अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचं आधार, रेशनकार्ड, आजाराचे रिपोर्ट, रुग्णालयाचं इस्टिमेट आणि झेडटीसीसी नोंदणीची पावती लागते. रुग्णालय खासगी असेल तर इस्टिमेट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून म्हणजे सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पूर्वी यासाठी मंत्रालयाचे हेलपाटे असायचे. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयातच या निधीचा कक्ष आहे, त्यामुळे पाटणच्या किंवा जतच्या माणसाला मुंबईची एसटी पकडायची गरज उरलेली नाही.

इथे दोन गोष्टींवर अर्ज अडतात. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा ऑपरेशन आधीच झालेलं असतं. झालेल्या खर्चाची भरपाई हा निधी देत नाही. दाखला निघायला पंधरवडा जाऊ शकतो, म्हणून रुग्णाच्या तपासण्या चालू असतानाच घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सेतू केंद्रात अर्ज टाकून ठेवावा.

पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा. तो खासदारांच्या शिफारशीने गेला तर बरं पडतं. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिन्याला १० हजारांपर्यंत मदत देण्याची तरतूद केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात आहे. ती फारशी कोणी मागतच नाही. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे तिचा विषय काढावा.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे काय?

पुण्या-मुंबईतली कितीतरी चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना करात आणि इतर सवलती मिळतात, म्हणून कायद्याने त्यांच्यावर जबाबदारीही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना ठरवून दिली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शिवाय रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफ खात्यात वेगळी काढायची असते. निर्धनसाठी उत्पन्नमर्यादा आता वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार आहे.

एवढ्या एका खात्यातून प्रत्यारोपणाचं सगळं बिल भागेल, अशी आशा धरू नये. पण आयसीयूचं भाडं, डॉक्टरांची फी, तपासण्या यात मोठी सूट मिळू शकते, आणि ती मागणं म्हणजे भीक नव्हे. दाखल होतानाच रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. खाट शिल्लक नाही, असं तोंडी सांगितलं तर ते लिहून मागावं. दाद लागत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. सातारा आणि सांगली दोन्हीकडे हे कार्यालय आहे. मात्र ज्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार आहे, त्या जिल्ह्यातल्या कार्यालयात ती लवकर हलते.

छातीच्या रुग्णांना धर्मादाय आधार देणं या भागाला नवं नाही. पाचगणीचं बेल एअर १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी सुरू केलं आणि पुढे ते रेडक्रॉसकडे गेलं. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे, तिथेही क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. त्या काळी इलाज म्हणजे मोकळी हवा, सकस जेवण आणि महिनोन्‌महिने एक खाट. देणगीदाराने एक खाट दिली की काम व्हायचं. आता एका रुग्णाला लाखांनी पैसा लागतो आणि कोणतीही एक संस्था तो एकटी उचलत नाही. म्हणून तुकडे जोडावे लागतात.

ट्रस्ट आणि देवस्थानं

टाटा ट्रस्ट गरजू रुग्णांना वैयक्तिक वैद्यकीय मदत देतं. मुंबईचं सिद्धिविनायक मंदिर न्यासही देतो. प्रत्येकाचा अर्ज, अटी वेगळ्या, पण रक्कम बहुधा रुग्णालयाच्या नावेच निघते. एका ट्रस्टने किती मंजूर केले ते दुसऱ्याला खरं सांगावं. लपवलेलं रुग्णालयाच्या खात्यावर दिसतंच आणि मग दोन्हीकडचं अडकतं.

आपल्याकडची साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती ही दारंही ठोठावण्यासारखी आहेत. सभासदाला किंवा कामगाराला वैद्यकीय मदत देण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते, फक्त संचालक मंडळाच्या बैठकीआधी अर्ज जायला हवा.

मोबाईलवरून वर्गणी

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या साइटवर रुग्णाची माहिती टाकून देशभरातून पैसे मागता येतात. पण यात काही रक्कम शुल्कापोटी जाऊ शकते. ती किती, आधी वाचून घ्यावं. रक्कम थेट रुग्णालयाला वळवण्याचा पर्याय निवडला की देणाऱ्याचा विश्वास बसतो. रुग्णाचा फोटो आणि क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरवताना जपावं लागतं, कारण तोच फोटो वापरून दुसरा कोड चिकटवणारे महाभाग आहेत. मेसेजमध्ये रुग्णालयाचं नाव आणि खातेदाराचं नाव लिहावं, आणि पैसे देणाऱ्यानेही पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचावं.

वाट पाहण्याचे महिने

दात्याच्या शरीरातून काढलेलं फुफ्फुस साधारण चार ते सहा तासांत बसवावं लागतं. फोन आल्यावर जतहून किंवा शिराळ्याहून निघून चालत नाही. रुग्णाला रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागतं, कधी काही महिने, आणि ऑपरेशननंतरही काही महिने. खोलीभाडं, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, यातलं काहीच कोणती योजना देत नाही. गावच्या वर्गणीचा खरा उपयोग इथे आहे. मुंबईत आपल्या बऱ्याच गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आहेत. चेन्नई-हैदराबादकडे गेलं तर खानापूर-आटपाडीकडचं कोणीतरी गलाई दुकानात भेटतंच. मात्र नव्या फुफ्फुसाच्या माणसाला दहा जणांच्या खोलीत झोपवू नये, जंतुसंसर्गाची भीती फार असते. गर्दीच्या खोलीत नातेवाइकांनी राहावं, रुग्णाला वेगळी जागा द्यावी.

घरी ऑक्सिजन लागत असेल तर विकत घेण्याआधी चौकशी करावी. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायती, प्राथमिक आरोग्य केंद्रं, मंडळांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळाले होते, त्यातले काही आजही कपाटात पडून असतात. तांत्रिक माणसाकडून तपासून घेतले तर कामाला येतात. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं. चोवीस तास चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट होतात, तेव्हा वीजबिलही वर्गणीच्या हिशेबात धरावं. लाइट गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात हवाच.

ऑपरेशननंतरची औषधं

शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, सोबत रक्ताच्या तपासण्या. पैसे संपले म्हणून एक आठवडा गोळ्या थांबवणं जिवावर बेतू शकतं. गोळीचा ब्रँडही मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून बदलू नये, डॉक्टरांना विचारूनच बदलावा. स्वस्त जेनेरिक चालेल का, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

म्हणून जमलेली सगळी वर्गणी ऑपरेशनच्या बिलात घालू नये. गावाने पैसे गोळा केले असतील तर रुग्णाच्या घरचा एक आणि गावातला एक अशा दोघांच्या नावे बँकेत संयुक्त खातं काढावं आणि निदान वर्षभराच्या औषधांची रक्कम त्यात बाजूला ठेवावी. कोणी किती दिले आणि कशावर गेले, याची वही ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता येईल अशी ठेवली की पुढच्या वर्षी दुसऱ्या घरावर वेळ आली तरी लोक हात आखडता घेत नाहीत.